अर्जातली शेवटची ओळ

एप्रिल लागला की उचगावात कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी दार उघडल्याबरोबर दोन शिंका आल्या की समजायचं, कोपऱ्यावरचं मिरची कांडप सुरू झालं. मग दीड-दोन महिने अख्खी गल्ली नाकाला पदर, रुमाल, ओढणी लावून फिरते. गच्च्यांवर मिरची वाळत पडते. घराघरातून कांदा परतल्याचा, खोबरं भाजल्याचा वास येतो आणि बायका भेटल्या की एकमेकींना "झाली का गं चटणी?" एवढंच विचारतात. वर्षाची चटणी, म्हणजे आमचं कांदा-लसणाचं तिखट, डब्यात जाऊन झाकण बसलं की बाई सुटली.

याही वर्षी मी शिंकले आणि मला चटणीऐवजी बँकॉक आठवलं. दर वर्षी हेच होतं. वीस वर्षं होत आली. ज्या उन्हाळ्यात मी पाठीवर सॅक टाकून एकटीनं परदेशात हिंडायचं ठरवलं, त्या उन्हाळ्याचा माझ्या नाकात राहिलेला वास हाच आहे. विमानाचा नाही, समुद्राचा नाही, परक्या देशातल्या कुठल्या फुलांचाही नाही. देठ काढलेल्या संकेश्वरी मिरचीचा.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि वारणानगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. सकाळी उचगावातून निघून कोल्हापूरच्या स्टँडवर एसटी धरायची, संध्याकाळी त्याच वाटेनं परत. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच मळीचा वास, पुढच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीत दुधाचा कॅन. अण्णा, म्हणजे माझे वडील, नुकतेच निवृत्त झाले होते. आमचं मूळ गाव नेसरीजवळ. अण्णांची मास्तरकी गडहिंग्लज तालुक्यातल्या खेड्यांतून सुरू झाली आणि कोल्हापूरजवळ येऊन संपली, म्हणून घर उचगावात बांधलं. घरात अण्णा, आई आणि मी. भाऊ पुण्याला नोकरीला होता.

कॉलेजच्या लॅबमध्ये तीस मशीन होती आणि इंटरनेट फक्त खिडकीजवळच्या मशीनवर. प्रॅक्टिकल संपवून पोरं गेली की मी तिथं बसायची. एक फोटो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. असाच एकदा एक फोटो वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी छत, मग पंखा, मग एकावर एक अशा लोखंडी कॉट, प्रत्येक कॉटला वेगळ्या रंगाची चादर, उशाशी छोटा दिवा. एका खोलीत आठ जणी झोपायच्या. बँकॉकमधलं हॉस्टेल होतं ते. फोटोखाली लिहिलं होतं, जगातलं कुणीही इथं येऊन झोपू शकतं. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

त्या ओळीनं मला का धरलं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. आमच्या भागात माणसाला अनोळखी राहताच येत नाही. एसटीत शेजारी बसलेला पहिल्या दोन मिनिटांत "कुठलं पावणं?" विचारतो, मग गाव, मग आडनाव, आणि आडनावावरून भागलं नाही तर सरळ "कुणापैकी?" म्हणजे जात कोणती. विचारण्यात दर वेळी खोट असते असं नाही. पुष्कळांना नुसतं धरायला काहीतरी लागतं. पण उत्तर दिल्यावर समोरच्याच्या तोंडावर अर्धा सेकंद काहीतरी होतं आणि ते बघण्याची मला लहानपणापासून सवय होती. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला, गावानं मात्र त्यांचा पत्ता बदलला नाही. मला पंधरा-वीस दिवस अशा ठिकाणी राहायचं होतं, जिथं माझ्या आडनावातून कुणालाच काही कळणार नाही. हे मी कुणाला बोलले नाही. सगळ्यांना सांगितलं, जग बघायचंय.

पासपोर्ट होता. कधीकाळी परदेशी नोकरीचा विचार केला तेव्हा काढलेला, कोरा. मे महिन्याची सुट्टी होती. सॅक कॉलेजच्या ट्रेकवाल्या पोरांकडून उसनी आणली. पन्हाळ्याहून निघून पावनखिंडीपर्यंत चिखल तुडवलेली, पट्ट्यांत अजून वाळकी माती असलेली. ती आईनं दोनदा धुतली आणि तरी तिला ती आवडली नाही.

"परदेशाला जाताना माणसं चाकाची बॅग नेत्यात," ती म्हणाली. "तू डोंगर चढायला निघाल्यागत काय निघालीस?"

पाठीवर वजन घेऊन चालायची सवय करा, असं मी कुठंतरी वाचलं होतं. घरात वजनाचं असं काय असणार? मी सॅकमध्ये गुळाची ढेप घातली आणि रोज संध्याकाळी हायवेपर्यंत जाऊन यायला लागले. चौथ्या दिवशी सॅकला मुंग्या लागल्या. गल्लीतले लोक विचारायचे, जोतिबाला चालत जायचा नवस हाय काय? मी व्हय म्हणायची. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

अण्णांनी पहिल्या दिवशी सगळं नुसतं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातपाय धुऊन ते खुर्चीत बसले आणि शाळेतल्यासारखं एकेक विचारायला लागले.

"राहणार कुठं तू?"

"हॉस्टेलात."

"कुणाचं हाय ते?"

"एका बाईंचं आहे. त्याच चालवतात."

"तसं न्हवं. कुठल्या समाजाचं?"

कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. इथं तो चमत्कारिक नाही. खेड्यापाड्यांतली पोरं शिकावीत म्हणून या शहरात फार पूर्वी एकेका समाजाची बोर्डिंगं निघाली आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरं वळकटी काखोटीला मारून आपापल्या बोर्डिंगात आली. त्यांच्यामुळेच शिकली. अण्णाही तसेच शिकले. प्रवाशांसाठीचं हॉस्टेल वेगळं असतं हे त्यांना कळत होतं, ते काही भोळे नव्हते. पण परक्या माणसाला छप्पर देणारी जागा म्हटली की ती कुणाची तरी असणारच, आणि आत जायला काहीतरी दाखवावं लागणारच, असं त्यांचं गणित होतं.

"कुठल्याच समाजाचं नाही, अण्णा. कुणीही जातं."

"अर्ज?"

"अर्ज नाही."

"शिफारस?"

"ती पण नाही. नाव कळवायचं आणि जायचं."

"खोलीत किती जणी?"

"आठ. आठ देशांतल्या असतील."

"आणि सैपाक?"

"एकच सैपाकघर. ज्याचं त्यानं करून घ्यायचं."

"भांडी ज्याची त्यानं न्यायची?"

"नाही. तिथं असतात. सगळ्यांना तीच."

इथं अण्णा थांबले. "तीच?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, व्हय, तीच. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला. आमच्या घरातल्या प्रत्येक ताटावर, वाटीवर, तांब्यावर अण्णांचं नाव ठोकलेलं आहे. भांडं घेतलं की नाव घालून आणायचं, ही साऱ्या महाराष्ट्राची चाल, पण अण्णा ती जरा जास्तच पाळायचे. चमच्यावरसुद्धा.

"जायाला माझी ना न्हाय," शेवटी ते म्हणाले. "पण त्यांचं लेखी पाहिजे. ठेवून घेतो म्हणून."

"बुकिंगचा कागद येतो की."

"कागद न्हवं. पत्र. मी अर्ज लिहितो, त्याला त्यांचं उत्तर येऊ दे. मग जा."

आता वाटतं, मी तशीच जाऊ शकले असते. पासपोर्ट माझा, पगार माझा, वय सव्वीस. पण अण्णांनी मला जन्मात कशाला नाही म्हटलं नव्हतं. सायन्सला नाही म्हटलं नाही, वारणेच्या नोकरीला नाही, आलेली दोन स्थळं मी परत पाठवली त्यालाही नाही. ज्यानं कधीच अडवलं नाही, त्याला ओलांडून जाता येत नाही. त्यांचं "जा" मिळालं नसतं तर मी सॅक परत केली असती आणि पुन्हा हा विषयही काढला नसता, हे मला तेव्हाच पक्कं ठाऊक होतं.

अर्ज लिहायला त्यांना तीन दिवस लागले. फूलस्केप कागद, निळी शाई, समास सोडलेला, वरच्या कोपऱ्यात पत्ता आणि तारीख. इंग्रजी शाळामास्तरांचं, एकही चूक नसलेलं आणि कुणीच बोलत नाही असं. खाली सही करणारा मी आपणांस नम्रपणे विनंती करतो की. माझी कन्या पदवीधर असून तिची वर्तणूक चांगली आहे. ती पहाटे उठते (हे खोटं होतं). तिला वरच्या कॉटवर चढण्याची सवय नसल्यानं कृपया खालची कॉट द्यावी. आपल्या संस्थेचे नियम ती पाळील. मला हसू येत होतं आणि बरंही वाटत होतं. मी कागद पर्समध्ये घातला आणि उरलेला दुसऱ्या दिवशी एसटीत वाचला.

शेवटची ओळ अशी होती: अर्जदार अनुसूचित जातीपैकी असून धर्माने बौद्ध आहे; यास आपल्या संस्थेची अथवा खोलीतील अन्य मुलींची काही हरकत असल्यास कृपया आधीच कळवावे, म्हणजे तिला दुसरीकडे सोय करता येईल.

मला राग आला. इतका, की माझा स्टॉप गेला आणि मला दोन किलोमीटर उन्हात उलट चालत यावं लागलं. ज्या गोष्टीपासून मी हजारो मैल लांब जायला निघाले होते, ती अण्णांनी सुवाच्य अक्षरात माझ्याआधी तिथं पाठवायला दिली होती. लॅबमध्ये बसून मी अख्खा अर्ज टाइप केला. ती ओळ सोडली. आणि पाठवून दिला.

दोन दिवसांत उत्तर आलं. हॉस्टेल चालवणाऱ्या बाईंचं. वडिलांचं पत्र मिळालं, फार छान आहे, खालची कॉट राखून ठेवते, पहाटे उठणाऱ्या मुलींचं आम्हांला कौतुक आहे. मी प्रिंट काढून धावत घरी आले. अण्णांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

"शेवटच्या ओळीचं काय लिहिलं न्हाय ह्यांनी."

"हरकत नसेल म्हणून नसेल लिहिलं."

"न्हाय पोरी," अण्णा म्हणाले. "हरकत असली की माणसं लिहीत न्हाईत. गेल्यावर सांगत्यात."

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "परत इचार," म्हणाले, आणि पेपर उघडून बसले.

चार दिवस मी काहीच केलं नाही. पेपर तपासले, गुळाची ढेप पाठीवर घेऊन फिरले. रविवारी आई आणि मी परसात मिरचीचे देठ काढत बसलो होतो. हे काम करताना डोळ्याला हात लावायचा नसतो आणि नेमकं तेव्हाच डोळ्याला काहीतरी होतं. मी म्हटलं, अण्णांना कळत कसं नाही, तिथं असलं काही नसतं. आईनं माझ्याकडं न बघता देठ तोडणं चालू ठेवलं.

"तू ती ओळ घातलीच न्हाईस, व्हय का न्हाय?"

मी पुढची मिरची उचलली.

"वाटलंच मला." मग तिनं सांगितलं. अण्णा अकरा वर्षांचे असताना आजोबा त्यांना शिकायला म्हणून कोल्हापूरला घेऊन आले. गावच्या मास्तरांनी एका बोर्डिंगचं नाव सांगितलं होतं. तिथले मुख्य बाहेर गेलेले. कारकुनानं जागा दाखवली. अण्णांनी वळकटी पसरली, भिंतीशी ताट-तांब्या मांडला, आजोबा एसटी धरायला निघून गेले. संध्याकाळी मुख्य आले. पोरगं कुठलं, कुणाचं, विचारलं. माणूस वाईट नव्हता म्हणे. शांतपणे म्हणाला, तुझी सोय इथं न्हाय, तुमचं बोर्डिंग तिकडं, उजेड हाय तवर जा.

"बाकीची पोरं बघत उभी," आई म्हणाली. "त्यांच्यासमोर गुंडाळली वळकटी. आणि दोरी काय नीट बसंना. ते सांगत्यात ना मला, लई येळ लागला म्हणून, तेवढंच सांगत्यात. हाकलल्याचं न्हाई. दोरी बसंना, ह्याचंच."

नंतर त्यांना दुसरीकडे जागा मिळाली, सात वर्षं ते तिथं राहिले, शिकले, मास्तर झाले. पण त्या दिवसापासून त्यांनी नियम केला तो केला. बदलीच्या गावात भाड्याची खोली बघायला गेले की उंबऱ्याबाहेर उभं राहून आधी जात सांगायची. मग मालकानं आत बोलावलं तर चप्पल काढायची. आपण सांगितलं की नकार येतो तो दारातच येतो, सामान उतरल्यावर येत नाही.

मला वाटलं होतं अण्णा घाबरतात. मला त्या परसात बसून स्वतःची लाज वाटली. ते घाबरत नव्हते. माझी वळकटी पसरल्यावर कुणी गुंडाळायला लावू नये, एवढीच त्यांची खटपट होती, आणि तिच्यासाठी त्यांना माझा राग चालणार होता. मी हात धुतले, तरी आग गेली नाही. आईनं खोबरेल लावायला सांगितलं. त्यानंही गेली नाही.

सोमवारी मी ती ओळ टाइप केली. एका ओळीला किती वेळ लागावा? जात या शब्दाला इंग्रजीत शब्द आहे, पण तो वाचून बँकॉकमधल्या बाईंना काय दिसणार, हे मला समजेना. मी कंसात, शेपटीला, कसलंही स्पष्टीकरण दिलं नाही. अण्णांनी लिहिलं होतं तसंच्या तसं लिहिलं आणि वर एवढंच म्हटलं, माझ्या वडिलांचा हा प्रश्न राहिला होता, कृपया उत्तर द्या.

तो आठवडा आमच्याकडे चटणीचा होता. मिरची कांडपावर नेली, पाळी येईपर्यंत तिथल्या बाकावर बसले. यंत्राच्या दणक्यानं जमीन हादरत होती, सगळ्यांच्या पापण्यांवर लाल धूळ बसली होती आणि कुणीच कुणाशी बोलू शकत नव्हतं. मला ते सोयीचं होतं. एकीकडे वाटत होतं उत्तर येऊच नये. हरकत आहे असं आलं तर अण्णांचं खरं ठरणार होतं, आणि माझ्याकडे जगात जायला तशी एकही जागा उरणार नव्हती.

उत्तर शुक्रवारी आलं. मी ते लॅबमध्ये वाचलं आणि प्रिंट काढून अण्णांना दिलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, आईसाठी मराठी करत करत, वर्गात धडा सांगावा तसं.

"तुमचं दुसरं पत्र आम्ही तिघांनी मिळून वाचलं. माफ करा. आम्हांला प्रश्न समजला नाही." अण्णा थांबले. पुन्हा वाचलं. "आम्हांला प्रश्न समजला नाही. हरकत कशाची घ्यायची? तुमच्या मुलीला काही आजार आहे का? असेल तर औषध बरोबर पाठवा, दवाखाना जवळच आहे. खालची कॉट ठेवली आहे."

"आजार?" आई म्हणाली.

अण्णा हसायला लागले. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग चष्मा काढला. मास्तर म्हणून ते हसायचे ते ओठांनी. हे तसं नव्हतं. त्यांना ठसका लागला, आईनं पाणी आणलं, ते पिऊन पुन्हा वाचलं आणि पुन्हा हसले. प्रश्न समजला न्हाय म्हणं, प्रश्नच समजला न्हाय. ते हसत होते आणि मला रडू आवरत नव्हतं आणि आई आम्हां दोघांकडे बघत, चटणीचा हात डोळ्याला लावला काय, असं विचारत होती.

"जा," अण्णा म्हणाले. "जा तू."

बँकॉकविषयी काय सांगू? ते पुष्कळांनी सांगितलंय. उकाडा कोल्हापूरपेक्षा ओला, रस्ते स्वच्छ, विहारांत पाय भाजतात. हॉस्टेल अगदी फोटोसारखं होतं, फक्त अरुंद. दारात चपला काढायच्या, आत सगळ्यांच्या चपला एका ढिगात. त्या बाई भेटल्या. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या. त्यांनी माझा हात धरून विचारलं, आता बरी आहेस ना? मी म्हटलं, बरी आहे. खालच्या कॉटवर मी पहिल्या दुपारी जी झोपले ती पाच तास. शेजारी कोण, वर कोण, मला ठाऊक नव्हतं आणि त्यांना मी. इतकी गाढ मी घरीही झोपले नव्हते.

माझ्या वरच्या कॉटवर चौथ्या दिवशी पुण्याची एक मुलगी आली. मला फोनवर आईशी बोलताना ऐकून तिनं वरून मान खाली काढली आणि म्हणाली, "अय्या, मराठी?" मला मनापासून आनंद झाला. चार दिवस इंग्रजी बोलून जीभ दमली होती. आम्ही दोघी तीन दिवस बरोबर हिंडलो, नदीतून होडीनं गेलो, रस्ते चुकलो, भात-आमटीच्या आठवणी काढल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात ताटं विसळताना तिनं सहज विचारलं, "तुझं आडनाव काय गं? विचारलंच नाही."

मी सांगितलं.

"अच्छा," ती म्हणाली.

एवढंच. तोच अर्धा सेकंद, ताट हातात धरून. ती वाईट मुलगी नव्हती. उलट त्यानंतर ती माझ्याशी गरजेपेक्षा जास्त चांगली वागली. मी असलं काही मानत नाही, असं तिनं आपण होऊन सांगितलं. कॉलेजात तिच्या ग्रुपमध्ये कसे सगळ्या प्रकारचे होते, तेही सांगितलं. मी काहीच विचारलं नव्हतं. त्या खोलीत आठ देशांच्या नाही तरी पाच देशांच्या मुली होत्या. त्यांतल्या एकीलाच प्रश्न येत होता, आणि ती माझ्या घरापासून पाच तासांवर राहत होती. मला वाईट वाटलं. रडण्याइतकं नाही. फक्त उरलेले दिवस मी त्या कॉटवर नेहमीसारखी, म्हणजे घरच्यासारखी झोपले. एक डोळा उघडा ठेवून.

हे मी अण्णांना कधी सांगितलं नाही. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. परवा अंगणात मिरचीवर कावळे हाकत बसले होते आणि समोरच्या घरी आलेल्या जावयाला त्या पत्राची गोष्ट सांगत होते. त्यांचे तपशील दर वर्षी थोडे वाढतात. तिघांनी वाचलेलं पत्र आता अख्ख्या हॉस्टेलनं वाचलेलं असतं. मी आतून ऐकते आणि बाहेर येत नाही. एखाद्या वर्षी वाटतं सांगून टाकावं, ते मास्तर आहेत, त्यांना खरं झेपेल. पण झेपतं म्हणून द्यायलाच हवं असं कुठं आहे?

बँकॉकहून मी परत आले तेव्हा जून लागायला आला होता. सकाळी कोल्हापूर स्टेशनात गाडी थांबली. अण्णा डब्यासमोरच उभे, इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. मी खाली उतरून पायाला हात लावते न लावते तोच त्यांनी विचारलं. कशी आहेस नाही, प्रवास कसा झाला नाही.

"कुणी इचारलं?"

त्यांच्या तोंडाकडे मी बघितलं. मला उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही.

"न्हाय," मी म्हटलं.

"एकानंबी?"

"एकानंबी न्हाय."

त्यांनी मान हलवली, माझ्या पाठीवरची सॅक काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि मी नको म्हणत असताना पुढं चालू लागले. बाहेर येऊन आम्ही उचगावच्या वडापमध्ये बसलो. वडाप म्हणजे भरल्याशिवाय न हलणारी जीप. मागं चौघं, पुढं तिघं, मांडीवर पिशव्या. समोर एक जाडसर गृहस्थ बसले होते. त्यांनी सॅक बघितली, मला बघितलं, अण्णांना बघितलं.

"पोरगी कुठनं आली म्हणायची?"

"परदेशातनं," अण्णा म्हणाले.

"आरं वा. कुठलं पावणं तुम्ही?"

"उचगाव. मूळचं नेसरीकडचं."

"आडनाव?"

अण्णांनी सांगितलं. आमच्या आडनावावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. गृहस्थांचं त्यावर भागलं नाही.

"म्हंजे कुणापैकी?"

माझी पाठ आपोआप ताठ झाली. आयुष्यभर अण्णांनी या प्रश्नाचं उत्तर प्रश्न यायच्या आधी दिलं होतं. त्या दिवशी त्यांनी गृहस्थांकडे नीट बघितलं. फळ्यासमोर उभं राहून अर्धवट बोललेल्या पोराकडे बघावं तसं, सावकाश, न रागावता.

"प्रश्न समजला न्हाय मला," ते म्हणाले.

"कुणापैकी म्हटलं, कुणापैकी." गृहस्थांनी आवाज चढवला. आमच्याकडे न कळलेली गोष्ट मोठ्यानं सांगतात.

"न्हाय समजला."

वडापमधले सगळे बघायला लागले. गृहस्थ जरा अवघडले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ऐकायला कमी येतं काय ओ ह्यास्नी?"

अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. समोर बघत होते, मांडीवर सॅक धरून. पट्ट्यावरचा त्यांचा हात तेवढा घट्ट झालेला मला दिसला.

"चांगलं ऐकू येतं," मी म्हटलं. "मलाबी न्हाय समजला."

गाडी सुरू झाली.